एकोणीस पावलं

प्रिय मोजपट्टी,

हे नाव वाचून तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आला असेल तर येऊ दे. आठ महिने तू रागावलेलीच आहेस, त्यात थोडी भर पडली तर काही बिघडत नाही. लहानपणी आईची शिलाईची टेप घेऊन तू घरभर फिरायचीस आणि दिसेल ते मोजून वहीत लिहायचीस. माझा डबा, झोपलेलं मांजर, एकदा तर माझ्या मिशासुद्धा. तेव्हापासूनचं हे नाव. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "जेवलात का, गोळ्या घेतल्यात का" एवढं विचारतेस, मी "हो, हो" म्हणतो आणि फोन आईच्या हातात देतो. जे सांगायचंय ते त्यात मावणारं नाही. शिवाय ते मला कागदावरच द्यायचं आहे. आई दोनदा येऊन विचारून गेली, पत्र लिहिताय की खड्डा खणताय. तिला म्हटलं, खड्डा खणणं सोपं होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मोठ्या दवाखान्यासमोरची पाण्याची लाइन फुटली. तुमच्या कचेरीत जिला मुख्य जलवाहिनी म्हणतात, ती. रस्त्याच्या मधोमध माणसाच्या उंचीचा फवारा, आणि सगळं पाणी उतारावरून थेट दवाखान्याच्या तळघरात. तिथे विजेची सगळी यंत्रणा, आणि वर ऑपरेशनच्या टेबलावर दोन माणसं झोपवलेली. टाकीवरून पाणी बंद केलं तरी लाइन रिकामी व्हायला तीन तास लागतात. अर्ध्या तासात पाणी थांबवायचं तर दवाखान्याच्या कोपऱ्याजवळचा व्हॉल्व्ह फिरवायला हवा, आणि तो डांबराच्या तीन थरांखाली. सोळा वर्षांपूर्वी तो शेवटचा फिरवला तो मीच. त्यामुळे ढोल्याने मलाच फोन केला. तुला तो आठवतो, माझ्या हाताखाली पाना धरायला शिकला आणि आता स्वतःच मुख्य फिटर झालाय, पोटही त्या मानाने वाढवलंय. म्हणाला, "उस्ताद, जसे असाल तसे या." मी बनियनवरच निघालो.

खोटं कशाला सांगू, रस्ताभर मला आनंद होत होता. रिटायर झालेल्या फिटरला कोण विचारतं? चौतीस वर्षं मी या गावाखालचं पाणी उघडलं आणि बंद केलं. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे सगळं डोक्यात. दवाखान्याच्या कोपऱ्यापासून भिंत धरून एकोणीस पावलं, बंद करायला चावीचे एकतीस फेरे. असे दोनशेच्या वर व्हॉल्व्ह मला तोंडपाठ होते आणि त्याचा मला माज होता. तुमच्या कचेरीत मी कधी आलोच, तर तो शिपाई माझ्या कपड्यांकडे बघून खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरायचा. तुमचे साहेब म्हणायचे, ही लोखंड पिळणारी माणसं, यांना नकाशातलं काय कळतंय. मग मीही घरी येऊन त्याचं उट्टं तुझ्यावर काढायचो. तू संध्याकाळी डोळे चोळत आलीस की विचारायचो, दिवसभर बसून माणूस दमतो तरी कसा? कागद काय गळतो, की कागदाखाली चिखल असतो? तू हसायचीस. आई मात्र म्हणायची, तुम्ही दोघंही दमून येता आणि दोघंही दुसऱ्याला आराम होता असं समजता.

दोन वर्षं तू रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात वही उघडून बसलीस आणि मी सांगितलेलं एकेक पाऊल लिहून घेतलंस. मला वाटायचं, पोरीला बापाचं कौतुक आहे, बोलू दे म्हाताऱ्याला म्हणून लिहितेय. मग त्यावरून गावातल्या सगळ्या व्हॉल्व्हचा नकाशा झाला. त्याखाली जुन्या फिटरची सही लागणार होती, म्हणून तू मला कचेरीत बोलावलंस. पुढचं तुला माहीत आहे. आदल्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यापाशी जाऊन एकोणीस पावलं टाकून आलो होतो. तुझ्या नकाशातला व्हॉल्व्ह तिथे नव्हता, तिथून बारा-तेरा फूट पुढे होता, औषधाच्या दुकानासमोर. कचेरीतल्या सगळ्या लोकांसमोर मी मोठ्याने म्हणालो, की खुर्चीला चिकटलेल्या माणसाला रस्ता काय कळणार, असल्या कागदावर मी सही करत नाही. तू नकाशाची गुंडाळी केलीस. नंतर जिन्यात एवढंच म्हणालीस, "बाबा, तुम्ही एक ओळसुद्धा कधी लिहून ठेवली नाहीत." साहेबांनी नकाशा कपाटात टाकला आणि तुला त्या लांबच्या गावी, आवक-जावकच्या टेबलावर पाठवलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, खोड मोडली. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच म्हटलं होतं.

तर मंगळवार. भिंत धरून मी एकोणीस पावलं टाकली, टाच रोवली आणि म्हणालो, इथे. पोरांनी डांबर फोडलं, खाली खडी, खडीखाली माती, मातीखाली काही नाही. मी पुन्हा कोपऱ्यापासून मोजलं. या वेळी टाच वीतभर अलीकडे पडली. तिथेही खणलं, तिथेही काही नाही. वीस मिनिटं गेली. दवाखान्यातला एक डॉक्टर दारात उभा राहून नुसता माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या पाण्यात उभं राहून कळलं.

तेवढ्यात तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती चष्मेवाली धावत आली. बगलेत तुझा नकाशा, हातात तुझी वही आणि लांब टेप. साहेबांच्या कपाटातून न विचारता काढून आणलं होतं, हे नंतर कळलं. मी तिच्यावर खेकसलो, बाई, चिखल आहे, बाजूला व्हा. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, चपला काढून फेकल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात शिरून टेपचं एक टोक स्वतः भिंतीच्या कोपऱ्याला लावलं. दुसरं टोक धरून ढोल्या दुकानासमोर जाऊन थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला. उस्तादाच्या हुकमाशिवाय तो कुदळ मारणार नव्हता. आणि मी अडलो होतो, पोरी. दोन खड्डे चुकून, दोन माणसं टेबलावर असून, माझ्या तोंडातून शब्द निघेना. तेव्हा त्या चष्मेवालीने वही उघडून माझ्यासमोर धरली. तुझं अक्षर. मी तिथेच वाचलं:

"दवाखाना कोपरा, एकोणीस पावलं. बाबांचं जुनं पाऊल ऐंशी सेंटिमीटर (घराचं दार ते फाटक, नऊ पावलं). गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचं पाऊल साठ (तेच अंतर, बारा पावलं). व्हॉल्व्ह जुन्या पावलांचे आहेत, जुनंच धरायचं. बाबांना हे सांगायचं नाही."

तू लहान असताना तुला मी खांद्यावर घेऊन रोज सकाळी कामाला निघायचो. एक, दोन, तीन मोठ्याने मोजायचो, नऊ म्हटलं की तू वाकून फाटकाची कडी काढायचीस आणि मग मी तुला खाली उतरवायचो. त्या खेळावरून तू माझं पाऊल मोजलंस. आणि त्या दिवशी कचेरीत, मी सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा करत असताना, तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, तुमचं पाऊल आता आखूड पडतं. एवढं म्हणाली असतीस तर नकाशा खरा ठरला असता, तुझं टेबल राहिलं असतं. तू म्हणाली नाहीस. म्हातारा चारचौघांत लंगडा ठरेल, म्हणून तू स्वतःचं दोन वर्षांचं काम कपाटात जाऊ दिलंस.

मी ओरडलो, "ढोल्या, खण! माझ्या पोरीने सांगितलंय तिथेच खण!"

चौथ्या की पाचव्या घावाला पहार लोखंडावर आपटली. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. झाकण! बरोबर टेपच्या टोकाखाली, हाताच्या पंजाएवढाही फरक नाही. चावी लावली, दोघांनी जोर लावला, गंज कुरकुरला आणि फिरला. मी फेरे मोजत होतो आणि चष्मेवाली वहीत बघून माझ्याबरोबर मोजत होती. एकतीसला फवारा बसला. दवाखान्याच्या सगळ्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. तो डॉक्टर धावत आत गेला आणि जरा वेळाने बाहेर येऊन त्याने दोन बोटं वर केली. दोघंही ठीक. ढोल्याने आपले चिखलाचे दोन्ही हात चष्मेवालीपुढे केले आणि तिनेही दोन्ही हातांनी ते घट्ट धरले. मी रस्त्यात बसून ढसाढसा रडलो. आईला मात्र डोळ्यांत पाणी उडालं असं सांगितलंय, तू फोडू नकोस.

तिथून आम्ही तिघं तसेच कचेरीत गेलो. शिपाई सवयीने वर्तमानपत्र घेऊन पुढे आला, तर माझ्याआधी चष्मेवालीच गुडघाभर चिखलानिशी खुर्चीत बसली. तो तिच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो, शेवटी वर्तमानपत्राची घडी करून निघून गेला. साहेबांना मी म्हटलं, सगळ्यांना बोलवा. आले सगळे. ज्या लोकांसमोर तुला बोललो होतो त्यांच्यासमोरच उभा राहिलो आणि सांगितलं की चुकला तो मी. माझं पाऊल आखूड झालंय, ते मला कळलं नाही, माझ्या पोरीला कळलं. साहेब खाली मान घालून पेन शोधत होते. माझी मान मात्र ताठ होती, लग्नातसुद्धा एवढी नव्हती.

मग सही? नाही, लगेच नाही केली. तुझा बाप आहे, न बघता सही करणार नाही. चार दिवस तुझ्या खुर्चीत बसून तुझ्या सातही वह्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी मान अशी धरली की आईने शेक दिला. डोळ्यांसमोर आकडे नाचायला लागले, आणि एक ओळ चुकली तर कुठल्या गल्लीत काय होईल या विचाराने घाम फुटला. दिवसभर बसून माणूस कसा दमतो, हा प्रश्न मी परत घेतो. मग ढोल्याला घेऊन सहा ठिकाणी खणून बघितलं. सहाच्या सहा बरोबर. दुपारच्या उन्हात चष्मेवालीने एकदा पहार उचलून बघितली आणि मुकाट्याने खाली ठेवली. तिनेही काहीतरी परत घेतलं असावं.

या पत्रासोबत एक घडी केलेला कागद आहे, तो आता उघड. तुझा नकाशा आहे, आणि खाली माझी सही. आयुष्यात कागदावर माझ्या हातून राहील असं हे पहिलंच काम, म्हणून जरा वाकडी आली आहे. मोजणी करणाऱ्याच्या रकान्यात साहेबांनी कचेरीचं नाव घातलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि तुझं घातलं. तुला परत बोलावण्याचा हुकूम सोमवारी निघालाय, चार दिवसांत तुझ्या टेबलावर येईल. पण तो हुकूम साहेबांचा. हे पत्र माझं. पोरी, मला माफ कर आणि घरी ये. नदीपलीकडच्या भागातले त्रेचाळीस व्हॉल्व्ह अजून माझ्या डोक्यातच आहेत. मी चालेन, तू मोज. आणि मी दारातून निघालो की तू फाटकापाशी उभी राहा, कडी तूच काढायची. फक्त नऊला काढू नकोस, बारा होईपर्यंत थांब.

तुझाच,
साठ सेंटिमीटरवाला बाबा