मावशींच्या कपाटातला उन्हाळा

प्रिय आई,

दवाखान्यात तुझे कपडे न्यायला खोलीवर आले होते, ती तुझ्या शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहायला बसले. भर दुपार आहे. खिडकीचे गज हाताला चटका देताहेत. पंखा छताच्या पत्र्याखालची गरम हवा खाली ओततो आहे, त्यापेक्षा तो बंद बरा. मी आणलेला तापमापक एकोणचाळीस दाखवतो. हा माझ्या हातात आहे, म्हणून याच्यावर विश्वास ठेवते.

उन्हाळा सुरू होताना मी ती तापमान मोजणारी डबी तुझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर बसवली, तेव्हा तू विचारलं होतंस, ही आता माझ्यावर पहारा ठेवणार का. मी म्हटलं, तुझ्यावर नाही, खोलीवर. इथलं तापमान माझ्या फोनवर दिसत राहील आणि ते पस्तिसाच्या वर जायला लागलं की तू मुकाट्याने माझ्याकडे राहायला यायचंस. तू नुसती मान हलवलीस. ओठांत टाचण्या धरल्या होत्यास, म्हणून बोलली नाहीस, असं मी समजले.

मग फोनवर रोज अठ्ठावीस. फार तर एकोणतीस. प्रयोगशाळेत माझं कामच आहे, दुसऱ्यांचे तापमापक खरं सांगतात की नाही ते तपासून त्यांवर शिक्का मारायचा. दुपारच्या जेवणाला बसलं की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्या फोनमध्ये डोकावून मला चिडवायची, हिची आई घरात राहते की शीतगृहात. मी तुला विचारलंही होतं, पत्र्याखाली एवढा गारवा कसा. तू म्हणालीस, खिडकीला ओले पडदे लावते ना मी. पाणी पितेस का, तर भरपूर. दुपारी मशीनवर बसत नाहीस ना, तर छे गं, चांगली ताणून देते. मी निर्धास्त झोपत होते, आई.

मंगळवारी खालच्या मजल्यावरच्या मावशींचा फोन आला. दुपारी तुझ्या मशीनचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही, म्हणून त्या गुडघे धरत जिना चढून वर आल्या. तू मशीनवर डोकं टेकून बसली होतीस. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, त्यांनाच तू ‘बाई, माप द्यायला उद्या या’ म्हणत होतीस. गिऱ्हाइकाचे अर्धवट शिवलेले पडदे त्यांनी बादलीत बुडवून तुझ्या अंगावर घातले आणि गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, त्या पडद्यांनी तुला वाचवलं. खिडकीला मात्र मला एकही पडदा दिसला नाही.

मावशी हे सांगत होत्या तेव्हा मी फोनवरचा आकडा बघत होते. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, असं कसं होईल मावशी, खोलीत तर अठ्ठावीस आहे. त्या हळूच म्हणाल्या, ‘अगं, ती डबी माझ्याकडे आहे. कपाटात, चादरींच्या मागे.’

म्हणजे उन्हाळाभर मी मावशींच्या चादरींची काळजी घेत होते.

मावशी रडत होत्या. म्हणाल्या, तुला घोर लागू नये म्हणून केलं गं तिने. ते मला पटलं असतं. पण तुझं वाक्यही त्यांनी भाबडेपणाने जसंच्या तसं सांगून टाकलं: ‘पोरीला आकडा लागतो. आकडा मिळाला की तिचं समाधान होतं.’ तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. लहानपणी तुझी मापाची फीत गळ्यात घालून मी घरभर खुर्च्या-दारं मोजत हिंडायचे, तेव्हा तू मला मोजपट्टी म्हणायचीस. ते लाड होते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं. तू गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी, हा रंग तुम्हाला शोभत नाही, कापड परत न्या. इंजेक्शनच्या वेळी सगळ्यांच्या आया म्हणायच्या, दुखणार नाही. तू म्हणायचीस, दुखेल, माझा हात धर. मी तुझा हात धरायचे ते त्या ‘दुखेल’वर विसंबून.

तुला माझ्याकडे यायचं नव्हतं, एवढं तर मला आता कळतं. मशीन, गिऱ्हाइकं, खालून येणारी मावशींची हाक. नाही येणार, एवढं म्हणायचंस. मी भांडले असते, दोन दिवस फोन केला नसता, मग काहीतरी वाट काढली असती. वाट होतीच. मावशी म्हणताहेत, ‘उन्हाळाभर मशीन माझ्या मागच्या खोलीत ठेवा, तिथे ऊन येत नाही.’ मी उद्या दोन माणसं बोलावून ते खाली उतरवते आहे. पस्तिसाची अट संपली. डबी मी बंद केली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आज सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पायांच्या सुजेवरची तुझी गोळी अंगातलं पाणी काढते, आणि हातातलं काम टाकून सारखं लघवीला उठायला नको म्हणून तू दिवसभर पाणीच पीत नव्हतीस, हे तू नर्सला सांगितलंस. मला नाही. या वयात तहान लागते तीही उशिरा, म्हणून तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं, किती ते डॉक्टर ठरवून देतील. गोळी कमी करायची की तेवढीच ठेवायची हे मात्र तुला चक्कर येते का, तोंड कोरडं पडतं का, सूज वाढते का, यावर ठरणार. आणि ते तुझ्याखेरीज कुणालाच कळणार नाही. त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या आई सांगतील ते खरं धरून चालायचं ना?’ गेल्या वर्षी त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी हो म्हटलं असतं. आज म्हटलं, उद्या सांगते. उद्या ते पुन्हा विचारतील, आई. त्यांना काय सांगू ते तूच सांग. आकडा नको. हो किंवा नाही, एवढंच.

तुझीच,
मोजपट्टी