पाचशे रुपये, शून्य पैसे

५ जून, सावली (जि. चंद्रपूर)
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मुंबईच्या एका ट्रस्टचं काम मिळालं! लहान मुलांच्या हार्ट ऑपरेशनला मदत देणार, त्याचा ऑनलाइन फॉर्म मी बनवायचा. मुदत ३१ जुलै. झेरॉक्सच्या धंद्याला आता रामराम. बोर्डही बदलायचा : जाहिद वेब सोल्युशन्स.

९ जून
फॉर्म तयार. खर्चाच्या रकान्याला रेगेक्स लावला. रेगेक्स म्हणजे वॉचमन. आकडा नियमात बसला तरच आत सोडतो. एका अमेरिकन साइटवर आयताच मिळाला. दर तीन अंकांनंतर कॉमा हवाच, शेवटी पैसेही हवेतच, असं काहीतरी आहे. पूर्ण समजला नाही, पण दिसतो भारदस्त. ५००.०० टाकून टेस्ट केली. हिरवी टिक. पास!
निशात म्हणाली, पाचशेत ऑपरेशन होतं का, मोठा आकडा टाकून बघा. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

२० जून
पहिलं गिऱ्हाईक. कोलूभाऊ, जंगलाकडच्या गावचा. सोबत पोरगी दुर्गा. हृदयाला छिद्र. दुकानाच्या पायऱ्या चढली तर ओठ निळे पडले. फॉर्मसाठी तिचा फोटो काढला. चॉकलेट दिलं तेव्हा हसली. नागपूरच्या दवाखान्याचा कागद होता, खर्च १,८०,०००/-. इतक्यात लाईट गेली. लिंक पाठवतो, घरूनच मोबाईलवर भरा म्हटलं. यालाच डिजिटल म्हणतात.

२७ जून
कोलूभाऊचा फोन. म्हणे, जाहिदभाऊ, पैशाच्या जागी लाल येऊन राह्यलं, इंग्रजीत काईतरी लिवते. मी म्हटलं, शेवटचं /- काढा. लोकांना कागदाच्या सवयी सुटत नाहीत.

४ जुलै
/- काढलं, तरी लाल. कॉमा काढले, तरी लाल. नेटवर्क असणार. त्याच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. चढा म्हटलं. धानाची रोवणी सोडून चढला. तिथंबी लाल, म्हणे. मोबाईलच भंगार असेल. मी काय करू?

१२ जुलै
ट्रस्टला रिपोर्ट पाठवला : आजवर एकही चुकीची रक्कम आत आलेली नाही. खरंच आहे. कुठलीच रक्कम आलेली नाही, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.
मी बोर्डासाठी चंद्रपूरला गेलो होतो तेव्हा कोलूभाऊ दुकानात येऊन बसून गेला. निशात सांगत होती, पोरीला आता चालवत नाही, कडेवर घेऊन आला होता. फार वाईट वाटलं. उद्या मी स्वतः त्याच्या गावी जाऊन फॉर्म भरून देणार. नक्की.

१३ जुलै
बोर्ड आला. लावण्यात दिवस गेला.

१९ जुलै
कोलूभाऊच्या गावच्या रस्त्यावर नाल्याला पूर. म्हणजे असेलच. पाऊस केवढा आहे. निशात दोन दिवस बोलत नाही.

१ ऑगस्ट
मुदत काल संपली. ट्रस्टचा मेल आला. तुमच्या भागातून एकही अर्ज नाही, म्हणजे तिथे गरज दिसत नाही, योजना दुसऱ्या जिल्ह्यात नेत आहोत. इतका स्वच्छ फॉर्म बनवल्याबद्दल आभार.
शेवटची ओळ तेवढी प्रिंट काढून लॅमिनेट केली.

९ ऑगस्ट
कोलूभाऊ आला. एकटाच. बोर्डाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. म्हणे, फॉर्मासाठी पोरीचा फोटो काढला होता ना भाऊ, तो मोठा करून द्या, फ्रेममधी लावाचा आहे. परवा गेली.
प्रिंट काढली. चॉकलेटवाला, हसरा. पैसे राहू द्या म्हटलं, तर काऊन राहू द्याचे, तुमचा कागद लागला ना, म्हणाला आणि साठ रुपये ठेवून गेला. एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
मग फॉर्म उघडला. १८०००० टाकलं. लाल. १,८०,००० टाकलं. लाल. ५००.०० टाकलं. हिरवी टिक.
निशातनं आतून विचारलं, काय झालं.
नेट गेलं, म्हणालो.