उजव्या हाताचा गॉस्लिंग

बुधवार, ४ एप्रिल १९८४

अन्याय! बिस्किटं बंद.

थोरांच्या समितीने आज रीतसर ठराव करून, सूचक-अनुमोदकासह, चहाबरोबरच्या आल्याच्या बिस्किटांवर गदा आणली. का, तर काटकसर! इतिहास याची नोंद घेवो न घेवो, मी घेते आहे. बिस्किटाशिवाय कौन्सिलर हीथकोटबाईंचं अध्यक्षीय भाषण ऐकणं म्हणजे भूल न देता दाढ काढून घेणं. मी तसं बोललेही. बाईंची हॅट थरथरली. "मिस लोमस, हे इतिवृत्तात घ्यायचं आहे का?"

म्हटलं, घ्या की. ठळक अक्षरांत.

असो. आज एक काम मात्र झालं. जूनमध्ये गिरणी बंद होणार, वरच्या मजल्यावरचा शेवटचा हातमाग सुटा करून संग्रहालयात जाणार. त्याआधी त्या मागावर गावच्या सहा थोरांचं रेशमी चित्र विणायचं आणि टाउन हॉलमध्ये लावायचं असं ठरलेलं आहे. थोर कोण, यावर आम्ही अख्खा हिवाळा भांडलो. सर इनॉक प्लांट — गिरणीमालक, गावाला बाग दिली आणि त्याच आठवड्यात मजुरी कापली. परदेशी जाऊन दवाखाना काढणारी डॉक्टरीण. एक कॉर्नेट वाजवणारा, एक गाणारी, एक रंगांचा रसायनशास्त्रज्ञ. पाचही जण मेलेले, आणि पाचही जण संधी मिळताच गाव सोडून गेलेले. मॅकल्सफील्डमध्ये थोर व्हायचं तर आधी स्टेशन गाठावं लागतं. जे राहिले ते नुसते रहिवासी!

सहावं नाव मी सुचवलं. हॉरेस गॉस्लिंग. डावखुरा गोलंदाज, इंग्लंडकडून खेळला, आणि मग परत आला! इथेच राहतो, इथल्याच बेकरीतलं खातो, इथल्याच पावसाला शिव्या देतो. "क्रिकेटवाला?" बाई म्हणाल्या, जणू मी गटारसफाईचा ठराव मांडला होता. पण मतं पडली. जन्मात पहिल्यांदा माझी सूचना मंजूर झाली. घरी येताना उगाचच लांबच्या रस्त्याने आले.

आठ वर्षांची असताना वडिलांनी मला त्याची गोलंदाजी दाखवायला नेलं होतं. बाकी सगळं विसरले. तो डावा हात आठवतो — चाबकासारखा.


गुरुवार, १२ एप्रिल

गिरणीत जाऊन आले. चित्र विणायला विल्फकाकांना निवृत्तीतून बोलावून आणलंय. विल्फ ब्लोर, माझ्या वडिलांच्या शेजारच्या मागावरचे. वय एकाहत्तर, छाती छत्तीस, आणि स्वतःबद्दलचं मत मोजायला अजून पट्टी निघालेली नाही.

"पोरी, तुझा बाप ठिपके विणायचा, मी पट्टे. दोन पंतप्रधानांच्या गळ्याला माझे टाय होते."

"म्हणूनच त्यांचा आवाज बसला असेल."

"सातव्या थोराची जागा रिकामी आहे का गं?"

"मरावं लागतं, काका."

"गॉस्लिंग कुठे मेलाय? आणि शिवाय मी थोडा मेलोच आहे. हे गुडघे बघ."

आमच्याकडे असलं रेशीम पालथं विणतात. चांगली बाजू जमिनीकडे, उलटी बाजू विणकराकडे. तसं केलं की उचलायचे धागे कमी, मागाला ओझं कमी. त्यामुळे विणणाऱ्याला आपलं काम सरळ कधी दिसतच नाही. मधूनमधून खाली हात घालून आरसा धरायचा आणि त्यात बघायचं. काकांकडे त्यांच्या बायकोचा आरसा आहे, गुलाबाच्या कडेचा. "ती गेली तेव्हा मुलीने बाकीचं सगळं नेलं. हा मी कोटात लपवला."

मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लटकलेली. कुठे भोक, तिथे धागा वर. चित्र सगळं त्या पुठ्ठ्यांत. काकांनी मला आरशात दाखवलं — सर इनॉकचे बूट, फक्त बूट. पण काय बूट! चकाकी होती त्यांना! रेशमाच्या बुटांना!

मी काही टोमणा मारणार होते. त्याऐवजी म्हटलं, आरसा अजून थोडा धरा.


शुक्रवार, २० एप्रिल

गुड फ्रायडे. गाव बंद, चर्चमध्ये गर्दी, माझा भट्टीतला गोड बन करपला. गिरणीच्या वरच्या मजल्यावर मात्र मागाचा धोटा चालू होता — रस्त्यावरून ऐकू येत होता. सुट्टीच्या दिवशी काका आत कसे शिरले देव जाणे. आजच्या दिवशी देवाला बहुधा दुसरी कामं होती.


मंगळवार, ८ मे

झालं. चित्र मागावरून उतरलं. आणि मी आता काय करू?

मी पोचले तेव्हा संग्रहालयाचा माणूस पाना घेऊन मागाचे नटबोल्ट सोडायला लागलेला. काकांनी तिकडे पाठ केली होती. चित्र आधीच स्वतः कात्रीने कापून घेतलेलं, ते टेबलावर आणलं आणि एका झटक्यात सुलटं केलं.

सहा माणसं. निळ्या रंगावर. (मागे कुठलं चर्च दाखवायचं यावर समितीत दोन पंथ भांडले, म्हणून मागे नुसता निळा. नावंही रेशमात नाहीत, चौकटीखाली पितळेत येणार.) डॉक्टरिणीचे डोळे जिवंत. कॉर्नेटवर उजेड. मी तीस वर्षं या गावाची टिंगल लिहून पोट भरलं, आणि मला वाटलं — हे आमचं आहे. हे आम्ही करतो!

मग गॉस्लिंगकडे बघितलं. बोडक्या डोक्याने, हात उंच, चेंडू सोडण्याच्या बेतात.

उजवा हात.

पुन्हा बघितलं. उजवाच. मग सगळं नीट बघितलं. डॉक्टरिणीची बॅग, सर इनॉकचा भांग — सगळं फिरलेलं. पुठ्ठ्यांची माळ उलट्या तोंडाने चढली होती. अख्खं चित्र डाव्याचं उजवं!

काकांना कळलं कसं नाही? कळणार कसं! वरून त्यांना कापडाची पाठ दिसत होती — पाठीवर ते बरोबर. खालून आरशात बघत होते — आरशात ते बरोबर. दोन्हीकडून बघून खात्री करून घेतलेली चूक! चांगली बाजू सरळ डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघितली, तीही पाणावलेल्या डोळ्यांनी. आणि जन्मभर टाय विणले. पट्ट्याला कुठे डावं-उजवं असतं?

"बोल," काका म्हणाले. "तू गप्प कशी? आजारी आहेस का?"

"सुंदर आहे."

"एवढंच?"

"एवढंच." आणि ते खरं होतं.

मागे नटबोल्ट डब्यात पडत होते. टण. टण.


बुधवार, ९ मे

उद्या पेपरला सदर द्यायचं आहे. आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद आयता हातात पडलाय आणि मी तो छापू शकत नाही! तरी लिहून काढला, नुसता हात मोकळा करायला — 'आमच्या गावाने आपल्या थोरांना अखेर सरळ केलं.' हसले. मग कागद चुलीत टाकला.

काय करायचं?

समितीला सांगितलं तर हीथकोटबाई चित्र कपाटात टाकतील आणि टाउन हॉलमध्ये फोटो लावतील. दुसरं विणता येणार नाही. माग पेट्यांत गेला. गप्प बसले तर शनिवारी अनावरणाच्या भर सभेत कुणाच्या तरी लक्षात येणारच. या गावात गॉस्लिंगचा डावा हात न पाहिलेला म्हातारा नाही. आणि काका तिथे उभे असणार. काकांनी अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलंय. खाटकालासुद्धा.

त्यांना आधी सांगावं म्हणून गेले. दार उघडलं ते नव्या सुटात. आरशासमोर मान लववण्याचा सराव चालला होता. "इतकी पुरे, की आणखी थोडी? राणीसाहेब नाहीयेत, नुसत्या हीथकोटबाई आहेत, तेव्हा इतकीच बास, नाही का?"

म्हटलं, इतकीच बास. आणि परत आले.


गुरुवार, १० मे

संध्याकाळी गॉस्लिंगसाहेबांकडे गेले. म्हटलं, त्यांनाच विनवावं — लक्षात आलं तरी बोलू नका. दार मुलीने, थेल्माने, उघडलं. अर्धंच.

"बाबा आजकाल कुणाला भेटत नाहीत, मिस लोमस."

"दोनच मिनिटं."

"शनिवारी येणार आहेत ना ते. तेव्हा भेटा." आणि दार लागलं. चांगला माणूस, पण भाव खातो! इंग्लंडकडून खेळल्यावर एवढा हक्क असावा.

सदर दिलं. खड्ड्यांवर लिहिलं.


शनिवार, १२ मे

कोटही न काढता लिहायला बसले आहे. अक्षर बघा.

टाउन हॉल भरलेला. गिरणीतल्या बायका ठेवणीतले स्कार्फ बांधून आलेल्या, सगळे आमच्याच रेशमाचे. काय रंग! दुसऱ्या कुठल्या गावात सत्तरीच्या बायका अशा दिसतील? पहिल्या रांगेत विल्फकाका, ताठ. शेजारी गॉस्लिंगसाहेब, जुना ब्लेझर, थेल्माच्या दंडाला धरून. चालणं सावकाश, मान मात्र वर.

हीथकोटबाई बोलल्या. बोलल्या. बोलल्या. मग पडदा ओढला.

लोक खुर्च्यांच्या कडेवर आले. पुढची एक बाई हळूच म्हणाली, "अगं बाई, डोळे बघ तिचे." मी डॉक्टरिणीकडे बघत होते आणि मनात एकच — कुणी बोलू नका, कुणी बोलू नका.

खाटिक रॅथबोन. दुसरं कोण असणार!

"अहो, हॉरेस उजव्या हाताने टाकतोय की!"

आधी एक हसला. मग तीन. मग कुणीतरी, "आणि सर इनॉकचा भांग!" हसू रांगांमधून मागे-मागे गेलं. मी काकांकडे बघत होते. त्यांनी चित्राकडे बघितलं, आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं. आणि त्यांना कळलं. भर सभेत माणूस इतका म्हातारा होताना मी पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं. तो सराव केलेला नमस्कार कुठल्या कुठे गेला.

आणि मी? तीस वर्षं या जिभेचे पैसे घेतले. एक शब्द आला नाही.

"एरिक!" गॉस्लिंगसाहेब म्हणाले. मोठ्याने नाही. पण गोलंदाज बोलला की मैदान ऐकतं. "एरिक रॅथबोन, तू दाढी कशात बघून करतोस?"

"आरशात. का?"

"मग आरशातला एरिक वस्तरा कुठल्या हातात धरतो?"

रॅथबोन हवेतच वस्तरा धरून बघायला लागला. लोक त्याला हसले. बरं झालं, हसू तिकडे वळलं.

थेल्माने वडिलांना चित्रापाशी नेलं. त्यांनी हात पुढे केला, रेशमावर अलगद ठेवला. हीथकोटबाईंची हॅट थरथरली — हात लावायला मनाई! पण बोलायची छाती झाली नाही.

"पेपरात माझे पुष्कळ फोटो आले," ते म्हणाले. "त्यात मला भलताच कुणी दिसायचा. डावरा, बावळट, दुसऱ्या कुठल्या गावचा. मी ज्याला रोज सकाळी बघत आलो त्याचा चेंडू उजव्याच हातात असतो. माझ्या बायकोनंतर मला ओळखलं ते या माणसाने. विल्फ, हा मी आहे. टोपीसुद्धा बरोबर बसवलीस!"

(रेशमात टोपी नाही. म्हातारा मिस्किल आहे!)

मग टाळ्या. खऱ्या टाळ्या, पाय आपटून. स्कार्फवाल्या बाया उभ्या राहिल्या. काकांना सावरायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं.

"अर्थात!" काका गरजले. "फोटो काय, कुणीही काढतं! माणूस स्वतःला जसा दिसतो तसा विणायला विणकर लागतो!" आणि मान लववली. बरीच खाली. राणीसाहेबांना पुरेल एवढी.

खोटारडा! प्यारा, खोटारडा म्हातारा! त्याला आता ते खरंच वाटायला लागलंय, उद्या तो त्यावर व्याख्यान देईल. देऊ दे. मीही पुढच्या सदरात तेच लिहिणार आहे: सहा थोर, जसे ते स्वतःला दिसत. गावाला डिवचणं नाही, कोपरखळी नाही. संपादक विचारतील बाईला बरं नाही का.

बरं आहे. फार बरं आहे. माझं गाव आहे हे.


गुरुवार, १७ मे

बेकरीत थेल्मा भेटली. म्हटलं, टोपीचा विनोद झकास होता वडिलांचा. तिने पाव पिशवीत टाकला. मग हळूच — "त्यांना दिसत नाही, मिस लोमस. दोन हिवाळे झाले. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणतात. चित्र त्यांनी बघितलेलंच नाही. रॅथबोन ओरडला, तेवढंच ऐकलं." निघता निघता म्हणाली, "तुमचं सदर मी वाचून दाखवते त्यांना. पण मला जमत नाही हो. विनोद आला की मी घाईने वाचून टाकते."

साडेपाचला गेले. या वेळी दार पूर्ण उघडलं. खुर्ची ओढून बसले आणि आजचं सदर वाचून दाखवलं — सावकाश. ते दोनदा हसले.