सावडीचा बॉल

६ फेब्रुवारी १९३८

काश्याने आज पुन्हा तेच केलं. गोल मोकळा. गोलकीपर आडवा पडलेला, तोंडात माती. समोर बांबूचे दोन खांब, मध्ये चिटपाखरू नाही. आणि हा गडी बॉल वळवून मागे देतो! ओरडून घसा बसला माझा.
"गाढवा, मारायचा ना! मागं कशाला दिलास?"
"हरीनं दिलाता ना मला, मास्तर. त्याचा त्याला नको द्याया?"
बाकीच्यांनी माना डोलावल्या. वेडा मीच ठरलो.

घरी सौ.ला सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणते, "बरोबरच हाय त्याचं." किन्हवलीच्या या अंगाला जन्म काढलेल्यांना दुसरं सुचणार तरी काय? सावड हाडात मुरलेली. आज तू माझ्या खाचरात राब, उद्या मी तुझ्या. फेडल्याशिवाय घास उतरत नाही. आता बॉलचीही सावड सुरू झाली आहे. कपाळ माझं.

८ फेब्रु.

गुडघा सुजला. मिठाचा शेक.
गिरणी, गोदी, रेल्वे, परत गिरणी. मुंबईत ज्या टीमला माणूस कमी पडला तिथे मी गेलो. नाव कोणाला आठवायचं नाही. "तो ठाण्याकडचा फॉरवर्ड" एवढंच. मग परळच्या चिखलात गुडघा गेला, आणि चार महिने बरं वाटेपर्यंत म्हणून गावी आलो. तिसरं वर्ष चाललंय. वडिलांकडून आलेली कुळाची खाचरं सौ. बघते. मी बॉलमास्तर. शहापूरच्या लाकूडवाल्या शेठने तालुक्यांतल्या टीमांसाठी फुटबॉलची ढाल बक्षीस लावली नसती तर तेही नसतो. सकाळी दार उघडलं की समोर डोंगर. संध्याकाळी लावलं तरी तोच. कधीकधी त्याला लाथ घालावीशी वाटते.

२० फेब्रु.

नियम केला. जो बॉल मागे फेडील त्याने शेताला फेरी मारायची. काश्याला इतक्या फेऱ्या झाल्या की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. त्याचा बाप धाकूकाका बांधावर विडी ओढत होता.
"मास्तर, पोराला हावरा करताय तुमी."
म्हटलं, काका, फॉरवर्ड हावराच लागतो.
पोरांकडून वदवून घेतलं: कोणी दिला ते विसरायचं, पुढचा गोल बघायचा. शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणत होती. शेवटी शेवटी मजा वाटायला लागली त्यांना.

६ मार्च

मैदानाच्या एका अंगाला भाताच्या रोपांसाठी पाला जाळून राब भाजला. पोरं राखेत खेळून भुतासारखी घरी जातात. सौ. धाकूकाकांच्या राबासाठी रानातून पाला वाहते आहे. घरातल्या दोघांचीही सावड ती एकटीच फेडते. म्हटलं, जरा बस.
"पावसात रोपं लावाया, आवणीला, आपल्यात माणसं यायला नकोत? का तुमच्या गुडघ्याचं लोणचं घालू?"
वाईट म्हणजे ती नेहमी खरंच बोलते.

१७ एप्रिल

ढाल आमची!!
शहापूरला फायनल, मुरबाडशी. त्यांची अर्धी टीम बूटवाली, आमची सगळी अनवाणी. एकेक गोल झाला. वेळ संपत आलेली, हरीने काश्याला दिला. काश्याने मान मागे वळवली. मी उभ्या उभ्या मेलो. मग मान पुढे केली आणि असा हाणला, असा हाणला, की जाळी असती तर फाटली असती.

रेफरी म्हणून कल्याणहून आंतोन आलेला. गोदीच्या टीमला आम्ही शेजारीशेजारी खेळायचो. आता तो कल्याणच्या एका कारखान्याची टीम सांभाळतो. म्हणाला, "ही पोरं तू शिकवलीस? मग इथं काय करतोस? कल्याणला ये. आम्हांला शिकवणारा पाहिजे, खोली पण मिळेल. सीझन पावसात. पंधरा जुलैला हजर राहा, नाहीतर साहेब दुसरा माणूस घेईल." मान हलवली. चिंचेमागे जाऊन तोंड धुतल्याचं नाटक केलं.

येताना बैलगाडीत काश्या शेजारी सरकला. मग हळूच: "हरीनं दिलाता, मास्तर. मी त्याच्याकडं परत बघितलाच नाय. वाईट नाय ना?"
पाठीत धपाटा घातला. म्हटलं, हेच तर पाहिजे होतं.

१८ एप्रिल

सौ.ला कल्याणचं सांगितलं. नाही म्हणाली नाही. "आवणी होऊन जाऊ द्या. खाचरं पडीक ऱ्हायली तर मालक दुसरं कूळ लावील. मग उद्या तुमचा दुसरा गुडघा गेला तर खायाचं काय?" सावडीत आमची पाळी जुलैच्या सुरुवातीला. वीस हात आले की दोन दिवसांत भात लागतं. मग मी मोकळा, ती दिवाळीनंतर मागून येईल. सगळं जमतं आहे. इतकं जमतं आहे की भीती वाटते.

बुटांना तेल लावलं.

२९ मे

शेठने काश्याला लाकडाच्या वखारीवर कामाला घेतलं. स्वतःची टीम काढतोय. हरी आणि आणखी दोघे पण चालले. काश्या पाया पडायला आला, नवा सदरा घालून. विचारलं, आवणीला येशील ना? तुमच्या घरी सौ.ने पाला वाहिलाय.
"शेठ सोडायचा नाय, मास्तर." मग सदरा सारखा करत, "तुमीच बोललात ना, दिला ते विसरायचा, पुढं बघायचा."
तोंडावर टोमण्याचा मागमूस नाही. पाठ केलेलं सांगत होता, मास्तर खूश होतील म्हणून. आणि खरं लिहायचं तर राग त्याचाही नव्हता. तो सुटला, मी इथेच, याचा होता.

४ जुलै

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चार घरचे चार तरणे गडी गेले. त्या घरांना फेडता येईना, म्हणून बाकीचे त्यांच्याकडे जाईनात, मग तेही दुसरीकडे जाईनात. सावडीची टोळी मोडली. आज आमची पाळी. दोन म्हाताऱ्या आल्या, दुपारी त्याही गेल्या. रोप राबात वाढून पिवळं पडायला लागलंय.
कोणी तोंडावर बोलत नाही. पाणवठ्यावर सौ.ला मात्र ऐकवलं, "तुमच्या मास्तरला सांग, आता ढाल लाव खाचरात."

९ जुलै

सौ. एकटी चिखलात. मीही उतरलो. एक खाचर लावता लावता गुडघा असा धरला की बांधावर ओढून काढावं लागलं. भांडलो. मीच ओरडलो, तीच रडली.
"जा ना तुमी कल्याणला. तुमाला कोण धरलंय?"
कोणीच नाही. हाताला धरलं असतं तर हिसडा मारून गेलोही असतो.
तीन खाचरं राहिली.

१३ जुलै, बुध.

आज जे केलं ते का केलं, लिहूनही कळेल असं वाटत नाही.

सकाळी आमच्या खाचराकडे निघालो. वाटेत धाकूकाकांचं शेत. म्हातारा एकटा चिखलणी करतोय, काकू एकटी रोप खणतेय. काश्या असता तर चार दिवसांपूर्वीच भात लागलं असतं. मी धोतर खोचलं आणि काश्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. काकांनी बघितलं. रोपाची एक मूठ फेकली, ती बरोबर माझ्या पायाशी पडली. मग दुसरी, तिसरी. म्हाताऱ्याचा नेम काश्याच्या वरचा आहे. गुडघा ठणकत होता, दात आवळून लावत गेलो. माझी ओळ वाकडी. काकू तोंडाला पदर लावून हसली.

सांज झाली तेव्हा काका बांधावर येऊन बसले. विडी पुढे केली.
"काश्याचा दिवस तुमी भरलात. आता तुमचा माझ्यावर चढला. मी, बायको, माझा भाव, त्याची सून, सगळी येतो. तीनी खाचरं एका दिसात लावू."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, उद्या येता?
"उद्या भावाकडं लावाय घेतलीय. परवा."
"परवा मी नसेन कदाचित, काका. सौ. असेल."
काकांना खरंच समजलं नव्हतं.
"घरधनी खाचरात नाय, तर सावड कुणाशी धरायची, मास्तर? मजूर थोडीच हावत आमी."

परवा शुक्रवार, पंधरा तारीख. कल्याणला हजर व्हायचं तर पहाटेच चालत वाशिंद स्टेशन गाठायला हवं.

मी काकांना "बरं, परवा या" म्हणालो. तोंडातून गेलं.

घरी आलो तर सौ.ने माझे बूट पुसून चुलीवर उबेला टांगलेले. माझी ट्रंकही भरली आहे. काकांना दिलेल्या शब्दाचं अजून तिला सांगितलेलं नाही. भाकरी करते आहे, मधूनच गुणगुणते आहे.