बरोबरची खूण केलेली भिंत

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि वहिनींचा दमा आटोक्यात असावेत. (तक्रारींची अदलाबदल झाली असल्यास क्षमा असावी.) आम्ही इकडे एका छपराखाली सुखरूप आहोत, छप्पर मात्र पूर्ण नाही.

घर लिलावात घेतल्याचं कानावर आलंच असेल. आपला भाचा गेल्यापासून राहत्या घरात त्याची खोली बंद ठेवायची की उघडी, यावर आमचं एकमत होईना. एकमत कसलं, तुमची बहीण बोलतच नव्हती. दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागत. म्हणून म्हटलं, एखादं जुनं घर घेऊन दुरुस्त करावं, हातांना काम मिळेल. ओळीतलं, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींत अडकलेलं घर आहे. लिलावाआधी आत सोडत नाहीत. का सोडत नाहीत ते नंतर कळलं. मी हात वर केला, दुसऱ्या कुणीच केला नाही. सगळा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला, दुःखात भेटायला येणारे बघतात तसा. मी तिला विचारलं, घेऊ ना? तिने पर्सची चेन लावली. मी तो होकार धरला.

वरचा नळ सोडला की पाणी खालच्या खोलीत येतं. जिन्याची एक पायरी गायब आहे आणि मी ते रोज विसरतो. माडीवर कबुतरं आहेत, त्यांच्या वागण्यावरून भाडेकरू आम्हीच वाटतो. तुमची बहीण दिवसभर एकुलत्या एका खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायची.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत पाडून उजेड आत घ्यायचा होता. मी जन्मभर पेपर तपासलेला माणूस. नको असलेल्या भिंतीवर खडूने फुली मारली, शेजारच्या घराला लागून असलेल्या, ठेवायच्या भिंतीवर बरोबरची खूण. गवंडी लोकांत फुली म्हणजे हात लावायचा नाही. खिळे घेऊन परत येतो तो पलीकडच्या बाई (रिटायर्ड नर्स, एकट्या, आवाज अजून वॉर्डभर पुरेल असा) आपल्या स्वयंपाकघरातून थेट आमच्या घरात बघतायत. गवंडी म्हणाला, "साहेब, तुम्हीच बरोबर म्हणून खूण केलीत ना?"

मी माफी मागणार तेवढ्यात बाई तुमच्या बहिणीला म्हणाल्या, "बसलाच आहात तर एवढे मटार सोला," आणि भिंतीला पडलेल्या भोकातून परात पुढे केली. तिने सोलले. मग बाईंनी मुलं किती ते विचारलं. मी जिन्याकडे पळालो. (पायरी विसरलो.) पडल्या जागेवरून ऐकलं, ती म्हणाली, "एक होता. त्याला मटार कच्चेच लागायचे." मग बोलतच राहिली. तिचा आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला दादा, मी तिथेच बसून रडलो. घोटा सुजला होता, त्यामुळे कारण कुणी विचारलं नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. नगरपालिकेचा माणूस येऊन गेला. त्या भिंतीवर वरच्या मजल्याचा भार आहे, भोक ताबडतोब बुजवा म्हणतो. गवंडी विटा घेऊन येतो, मी चहा पाजून परत पाठवतो. आपण इंजिनियर आहात. वर लोखंडी तुळई टाकून त्याचं रीतसर दार होईल का? बाईंची हरकत नाही. गुडघे सांभाळून या, पण या.

आणखी एक. माझ्याशी ती अजून बोलत नाही. उद्यापासून मी भोकाच्या पलीकडे जाऊन बसणार आहे. बाईंनी परवानगी दिली आहे. मटार मात्र माझे मी आणायचे.