हळदीला बेंजो कोण वाजवणार

प्रिय ताई,

शुक्रवारी सकाळी हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री मारत होतो आणि संध्याकाळी दोहातल्या त्याच हॉटेलात स्टेजवर बसलो. हसू नको. तुझा नववी नापास भाऊ, अंगात वेटरचा कोट, आणि समोर आप्पांचा जुना बेंजो, न विचारता उचलून आणलेला!

इथे ब्राझीलची एक बाई पियानो वाजवते. तिच्या गाण्यांना बोसा नोव्हा म्हणतात. आपल्या हळदीसारखा दणका नाही, कानाशी कुजबुजल्यासारखं. पण ठेका असा की पाय गप्प बसत नाहीत. टेबलक्लॉथ पोचवायला गेलो की मी रेंगाळायचो. एकदा तिला बेंजो दाखवला, तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ती मला शिकवते. शुक्रवारी तिचा गिटारवाला तापाने पडला, तिने सरळ मला बसवलं.

गाण्याच्या मध्ये मनाने वाजवायची पाळी आली आणि मी हरवलो. कोपरच्या त्या हळदीत आप्पांच्या बेंजो पार्टीत वाजवताना हरवलेलो ना, तसाच. तेव्हा भरकटत गेलो, नाचणारे थांबले, आणि आप्पा बाप असूनही माईकवरून ओरडले, "गाणं वळखू येत नाय, उतर खाली!" या वेळी एक सूर धरला, सोडलाच नाही. बाईने हसत पियानोवर खालचे कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वर, बदलत नेले. ताई, सूर तोच, पण एकदा रडवेला वाटला, एकदा लाडात आलेला, एकदा दार उघडल्यासारखा! मग त्या सुरावरून हळूच उतरलो, मनसोक्त फिरलो आणि बरोबर गाण्याच्या उंबऱ्यावर परत आलो. लोक उठून टाळ्या वाजवत होते. बाई म्हणाली, कितीही फिर, घर दिसत राहिलं पाहिजे. म्हणजे आप्पांचंच म्हणणं, फक्त शिवी न घालता! पुढच्या महिन्यापासून लॉन्ड्री बंद, मी बँडमध्ये.

फोनवर माझं नाव ऐकलं की आप्पा उठून जातात, म्हणून हे पत्र. त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. तुझ्या हळदीसाठी मला रजा मिळाली आहे. पार्टीतला जगन म्हणत होता, मी गेल्याला दोन वर्षं झाली तरी आप्पांनी बेंजोवर कुणाला घेतलेलं नाही. त्यांना सांग, मी येतोय. मी एक सूर धरीन, खालची साथ त्यांनी बदलावी. गाणं ओळखू नाही आलं, तर या वेळी मीच खाली उतरेन.

तुझाच,
यज्ञेश