जर्मन मशीनमधून उतरलेले आप्पा

उमरगा,
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. दाजी,

शिवानंदचं शरणु शरणार्थी. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? अक्का शेक घ्या म्हणाली की तुम्ही चप्पल घालून दुकानाकडं पळता, असं कानावर आलंय. आमची बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण तिचं तेवढं ऐकत जा. (फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही माझं अर्ध्यातच "बरं, ठेवतो" करता. पत्राला तशी सोय नाही.)

तर दाजी, बसून घ्या. तुमच्या वडिलांचा फोटो झाला! श्रावणात तुम्ही आप्पांची जुनी निगेटिव्ह माझ्या हातावर ठेवलीत आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालात, पुण्यतिथीच्या आत तुझ्या त्या भंगारातून फोटो निघाला तर ठीक, नाहीतर मशीन मोडीत घाल आणि खोली उत्कर्षला दे. (त्याला तिथं झेरॉक्स टाकायचंय. पोरगा माझा, पण मान तुमच्या बाजूनं हलवत होता.) मी तेव्हा गप्प बसलो, कारण तोंडात पुरणपोळी होती. पण मनात म्हटलं, आमच्या वडिलांनी, अण्णांनी, हैदराबादहून मांडीवर ठेवून आणलेलं फोटो मोठे करायचं जर्मन मशीन, त्याला भंगार म्हणता? आता बघाच.

तुम्ही ते कधी नीट बघितलं नाही म्हणून सांगतो. वर दिवा, मधे दोन काचांत निगेटिव्ह, त्याखाली भाता आणि भात्याच्या टोकाला भिंग. दिवा लावला की बोटभर निगेटिव्हमधला माणूस खाली कागदावर हातभर होऊन उतरतो. आमच्या मशीनचा भाता उंदरांनी खाल्लेला आणि भिंगाला बुरशी, बाकी तब्येत ठणठणीत. आता सुटे भाग आणायचे कुठून? कंपनीच बंद पडलेली. हैदराबादला जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो तर चाचांनी मोबाईलवर मशीनचा फोटो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "मियाँ, इसकू अब पुर्जा नै, दुआ लगती." एवढं बोलून भिंग मात्र विकलंच, दुसऱ्याच कंपनीचं. सगळी भिंगं सारखीच बसतात, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. घरी येऊन फिरवतो तर आटे जुळेनात! भिंग ढिलं, सगळं आत जाऊन खडखडतंय. बायको म्हणून शिवगंगेनं तरी धीर द्यावा, तर ती दारातून खडखडाट ऐकून झाडू घेऊन आली.

पण मी हटणारा आहे का? हायवेवर रणधीरचं लेथ आहे, ट्रकची कामं करतो. त्याला म्हटलं, बाहेरून एक आटे, आतून दुसरे, अशी पितळेची रिंग पाहिजे. तो म्हणाला, गाडी कुठली? म्हटलं, जर्मन. त्यानं दोन ट्रक बाजूला सारून माझं काम घेतलं. (मशीन बघायला आला तेव्हा जरा हिरमुसला, पण रिंग अशी बसली की जर्मनांनीही पाठ थोपटावी.) भात्यासाठी तुळजापूरला गेलो. तिथं बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक बुवा आहेत. त्यांनी चामडं, पुठ्ठा लावून सुंदर भाता करून दिला आणि कानाशी धरून दाबून दाखवला, कुठून हवा जाते का बघा! हवा जात नव्हतीच. अंधारखोलीत दिवा लावला तर प्रत्येक घडीच्या पातळ चामड्यातून उजेड. बुवांचं काय चुकलं, पेटीला उजेडाशी काय करायचंय? शेवटी मी छत्रीचं काळं कापड आतून चिकटवलं. छत्री तुमची होती, विसरून गेला होतात. हरवली असं समजा.

आणि दाजी, काल लाल दिव्यात कागद औषधाच्या पाण्यात हलवत होतो, तर आधी मिशी आली, मग डोळे, आणि आप्पा असे वर आले की मी हात जोडले. खरं सांगतो, रडलो. आणि कपाळावर विभूतीची बारीक रेघ! हा फोटो काढताना कपाळ घामानं चमकतंय म्हणून आमच्या अण्णांनी त्यांना विभूती पुसायला लावली होती, आणि आप्पा त्यावरून जन्मभर अण्णांना बोलत राहिले. तुम्ही सोलापुरात कंप्युटरवर लावून आणलीत ती डोकं फुटून पट्टी बांधल्यासारखी दिसत होती, अक्का दोन दिवस जेवली नाही. माझं म्हणणं असं, पुसलेल्या विभूतीचा अंश कपाळावर राहिलाच असणार. फिल्मनं तो धरून ठेवला आणि माझ्या भिंगानं बरोबर हुडकला. कंप्युटरला हे येतं का? तुम्हीच सांगा.

फोटो या पत्राबरोबरच उद्याच्या एसटीनं पाठवतो. अक्काला नमस्कार.

तुमचा मेव्हणा,
शिवानंद

ता. क. एक विनंती आहे. शिवगंगेनं भंगारवाल्याला गुरुवारी बोलावलंय. माझ्या शब्दाला या घरात काय किंमत आहे ते तुम्ही जाणताच, पण तुमच्या शब्दाबाहेर ती नाही. तेवढं तिला फोन करून सांगा की मशीन राहू दे. मी सांगायला लावलं असं सांगू नका.

ता. क. दुसरा. दाजी, नमस्कार. शिवगंगा लिहिते. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. खंडेनवमीला मशीनची पूजा मीच केली. निगेटिव्ह काचेत बसवलेलीच होती, आप्पांचं बोडकं कपाळ बघवंना. उदबत्तीच्या काडीनं वरच्या काचेवर विभूतीची रेघ ओढली. काचेवर जिथं उजेड अडतो तिथं कागद पांढरा राहतो, एवढं इतक्या वर्षांच्या संसारात मलाही कळलंय. यांना सांगू नका, लई खूश आहेत. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कालच निरोप दिलाय. तरी फोन मात्र करा, आणि यांनाच करा. फोटो चांगला झाला म्हणून तुमच्या तोंडून ऐकायचं आहे त्यांना, पाकीट अजून घरातच आहे, तरी सकाळपासून मोबाईल हातातून खाली ठेवला नाही.